उभ्या धानात लाखोरी

२६ ऑक्टोबर
सकाळच्या बसनं बालाघाटहून गावी आलो. चिन्नोर धान निसवलंय. बांधावर उभं राहिलं की वास थेट नाकात. बराच वेळ तसाच उभा. भाऊ गेल्यापासून शेत यशोदाच पाहते, त्याची बायको. चहा देता देता म्हणाली, "औंदाई उन्हाळी धान लावतो भाऊजी. पाचही बांध्या, सारं वावर."
"काहून?"
"सारेच लावून राह्यले."
गेल्या वैशाखात आपला बोअर दिवसभर धानात चालत होता, अन् टोलीतल्या वस्तीची विहीर तळाला गेली. बाया पाण्याचे गुंड घेऊन नाल्यापर्यंत जात. यशोदाही त्यांच्यातच, डोक्यावर गुंड. तिला मी काय सांगणार?  चहा निवला.

२७ ऑक्टो.
शाळेच्या व्हरांड्यात कृषी खात्याच्या माणसाची सभा. धानात पाणी उभं राहिलं की खाली चिखलातला काडीकचरा सडतो, त्याचा गॅस वर जातो, त्यानं हवा तापते, पावसाचं गणित बिघडतं. पावसाळ्यातलं पाणी तरी आभाळाचं. उन्हाळी धानाला तेच पाणी जमिनीतून उपसून महिनोन् महिने उभं ठेवायचं.
मागून कुणीतरी, "मंग भात खाऊ नोको का साहेब?" सगळे हसले. साहेबही हसला. त्याच्या डब्यातही भातच असणार.
मला मात्र ते बुडबुडे आठवले. लहानपणी रोवण्याच्या चिखलात पाय रुतवला की पिंढरीजवळ बुडबुडे यायचे. आम्ही म्हणायचो, जमीन श्वास सोडते. त्यावर चार ओळीही केल्या होत्या, सातवीत. गुरुजींनी वर्गात वाचून दाखवल्या. आता कळलं, श्वास कसला होता ते. शाळेच्या कवितेत धान नुसतं डोलतं. खाली काय चाललंय ते कवीनं कशाला पाहावं.

२९ ऑक्टो.
यशोदेसमोर उतेऱ्याचा विषय काढला. आमचे वडील, बाबूजी, धान कापायच्या आधी, उभ्या धानातच डाळीची लाखोरी फेकायचे. उरल्या ओलीवर ती यायची. नांगर नाही, पंप नाही. जानेवारीत सगळी बांधी फुलांनी निळी. काय दिसायचं ते…
य. म्हणाली, "तुमी शाळेत पोरं शिकवत होता. बाबूजी फेकत होते अन् कापत मी होती. मले नोका सांगू निळी-बिळी."
खरं आहे.
शिवाय कापणीला हार्वेस्टर सांगून ठेवलाय. त्याच्या चाकाखाली उतेरा कुठला राहतो. हातानं कापायचं तर माणसं पाहिजेत. अन् वरून, "तुमाले दोन वेळ भात पायजे. अन् मले म्हणता, धान नोको लावू."
 
संध्याकाळी आपणहून बोलली. खालच्या दोन बांध्या घ्या. उन्हाळी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायच्या वेळेपर्यंत लाखोरी उभी दिसली तर औंदा बोअर बंद, उन्हाळी धान कुठंच नाही. नाही दिसली, तर पाचही बांध्या धान.

४ नोव्हेंबर
बालाघाटच्या बाजारात लाखोरीचं बी मिळालं नाही. दुकानदार म्हणाला, "अब कौन बोता है, गुरुजी." शेवटी बाजूच्या टोलीतल्या एका म्हातारीनं मडक्यातलं काढून दिलं. रात्रभर भिजवलं. बांधीचं तोंड फोडून पाणी बाहेर सोडलं अन् सकाळी फेकायला लागलो. एकाच जागी ढीग पडतो! य. बांधावर पोट धरून हसते. "पोराइले खडू फेकून मारत होता तसे फेकून राह्यले. पसरवा ना, भाऊजी!" मग पदर खोचून तीच उतरली. तिचा हात असा गोल फिरला की बस. मी मागं मागं.

८ नोव्हें. बालाघाट
कालपासून पाऊस. हा काय पावसाचा महिना आहे?
दुपारी य.चा फोन. "बांधीचं तोंड कोनं बुजवलं?"
मीच. येताना पायानं चिखल लोटून बुजवलं. बाबूजींनी लहानपणी हाडात भरलेलं, धानाच्या बांधीचं तोंड उघडं टाकून घरी यायचं नाही. साठ वर्षांनीही पाय विसरला नाही. डोक्यानं मात्र विचार केला नाही की बी उतेऱ्याचं आहे, याला पाणी नको.
"फोडला मी बांध. भिजून राह्यली इथं."
"लाखोरीसाठी?"
"धान पडलं असतं म्हणून." फोन ठेवला.
धान पडण्याचा तोंड बुजण्याशी काय संबंध… असो.

२१ नोव्हें.
हार्वेस्टर आला. वरच्या तीन बांध्या दुपारपर्यंत साफ. पंजाबकडचा ड्रायव्हर खालच्या बांध्यांकडे मशीन वळवायला लागला. मी आडवा उभा. तो म्हणाला, "बाबूजी, मशीन को क्या पता नीचे क्या उगा है!" हसून परत फिरवली. चांगला माणूस.
खालच्या दोन बांध्या पाच बायांनी अन् मी विळ्यानं कापल्या. मी म्हणजे नावाला. करंगळी कापली, बाया हसल्या.
धान आडवं झालं तसं खालचं दिसायला लागलं. चढाकडे हिरवंगार, बोटभर. उताराकडे, जिथं माझं पाणी उभं राहिलं, तिथं काही नाही. टक्कल.

३० नोव्हें. बालाघाट
रात्री भात बंद केला, ज्वारीची भाकर सांगितली. सूनबाई घाबरली. "बाबूजी, तबीयत ठीक है ना?" ठीक आहे म्हटलं. लिहून ठेवतो, भाकर आवडली नाही. चौथा दिवस. नवा चिन्नोर डब्यात आहे, स्वयंपाकघरात गेलो की वास येतो. सकाळी खातोच. माझ्या एका वेळच्या भातानं आभाळ काही निवायचं नाही, कळतं. पण य.ला तोंड दाखवायचं आहे.

१६ डिसेंबर
गावी. टोलीत दोघांनी पऱ्हे टाकले, त्यांचे पंप सुरू. य. सोबत खालच्या बांध्या फिरलो. चढाकडे लाखोरी घोट्याच्या वर आलीय, दाट. उताराकडे तसंच टक्कल. वरून पाहिलं तर अर्धी बांधी हिरवी, अर्धी मातकट.
"अर्धं म्हंजे काय मास्तर? पास का नापास?"
"आमच्या शाळेत पस्तीसला पास."
"तुमच्या शाळेत."
चूक माझीच होती, लाखोरीची नव्हती, म्हटलं. ती "हौ" म्हणाली. एवढंच.
उन्हाळी धानाचं बी आंगणात पोत्यात आहे. तोंड बांधलेलं. भिजवलेलं नाही, तसं भिजवणार नाही असंही म्हणत नाही.
मग वाकली अन् लाखोरीचे कोवळे शेंडे खुडायला लागली, पदरात भरभरून, रात्रीच्या भाजीसाठी. शेंडे खुडले की लाखोरी जास्त फुटते, हे तिला माहीत आहे. पऱ्ह्यासाठी बांधी मोडायची असेल तर आहे तो पाला आधी खाऊन घ्यावा, हेही माहीत आहे.
मीही दुसऱ्या टोकानं खुडायला लागलो.