दादाचा घास

प्रिय धाकटे,

तुम्ही गावाला गेल्यापासून घर नीट आहे. कुंड्यांना पाणी घातलं, गळका नळ बदलून घेतला. तुझी बिट्टी गुणी लेक आहे, पण जिभेला धार आहे हो! मला म्हणाली, मावशी, तू घरातसुद्धा माइकवर असल्यासारखी का बोलतेस? काय सांगणार? जन्म गेला सभांमधून ओरडण्यात. मुलांना मैदानं द्या, पाकिटातला खाऊ आवरा, पोट भरल्यावर ती ‘नको’ म्हणाली तर ऐका. लोक टाळ्या वाजवतात आणि दाराबाहेर पडताच पोरांच्या हातात वेफर्स देतात. तुझ्या घरी मात्र पाकीट औषधालाही नाही. सगळं ताजं, सकस. तरीही बिट्टी पहिल्याच मजल्यावर कठडा धरून धापा टाकते. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वाढतोय म्हणून बजावलं, तर तू म्हणालीस, बाळसं आहे, उतरेल. अगं, शाळेत जाणाऱ्या मुलीला बाळसं नसतं!

याचं कारण मला पहिल्याच जेवणात कळलं. भाजी, अंडं, फळ हवं तेवढं खाऊन ती थांबली. मी ताट उचलायला गेले, तर तिनं ते घट्ट धरलं. हा आईचा, हा बाबांचा, असं पुटपुटत आणखी घास गिळले. मग कपाटातला निळा वाडगा आणून तो माझ्याकडून भरून घेतला. हा दादाचा. तो संपेपर्यंत तिची नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीवरून हलली नाही. मी म्हटलं, राहू दे गं. ती घाबरून म्हणाली, मग तो उपाशी राहील ना!

धाकटे, तो गेला तेव्हा ही जन्मलीही नव्हती. शेवटी शेवटी त्याच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं, आणि तू तोच निळा वाडगा घेऊन उशाशी उभी असायचीस. तो वाडगा तुझ्या हातातून अजून सुटलेला नाही. तुला दोष देत नाही मी. पण एका लेकराची भूक दुसऱ्याच्या पोटात भरता येत नाही, हे मला तुला सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ओढतच समोरच्या बागेत नेलं. चिटपाखरू नव्हतं, वारा पडलेला. ती झाडाखालच्या सी-सॉवर बसली. तिची बाजू खाली जायला हवी होती. गेली नाही. फळी आडवी, सरळ थांबली. मग बिट्टी वर गेली, पाय हवेत, आणि समोरचं रिकामं टोक धुळीला टेकलं. मग ती खाली, ते वर. ती खिदळत होती. भुताखेतांवर आयुष्यभर तोंडसुख घेतलेली बाई मी. तिला उतरवून खिळे पाहिले, सांधा पाहिला, फळी दाबून पाहिली. कुठे काही अडकलेलं नव्हतं. फक्त त्या रिकाम्या टोकाची लोखंडी मूठ, सावलीत असूनही, कोमट होती.

तेव्हापासून ती रोज माझ्याआधी चपला घालते. बागभर धावते, घामेजून येते, पोटभर जेवते आणि थांबते. वाडगा मागत नाही.

तुम्ही आज परत याल. बिट्टीला शेजारी सोपवून, तुमची गाठ न घेताच निघतेय; समोर बसून हे सांगायला मला, मलासुद्धा, शब्द सुचले नसते. हे पत्र वाडग्यात ठेवलंय, म्हणजे तो भरण्याआधी तू वाचशील. काल जिना चढताना बिट्टी माझा हात धरून म्हणाली, आईला तू सांग, ती रडेल म्हणून मी सांगत नाही. दादाला भूक लागतच नाही. त्यानं कधी काही मागितलंच नव्हतं. त्याला फक्त खेळायला कुणीतरी हवं होतं. तर उद्या तिला बागेत ने, धाकटे. बाकावर बसून बघ. फक्त त्या दुसऱ्या टोकावर तू बसू नकोस.

तुझीच,
ताई