दाजींचं रक्त

प्रिय गौरजा,

माझं पुरतं ऐकून न घेता तू फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले आहे. कागद तरी मधेच तोडत नाही.

तुझ्या काकांनी, दाजींनी, कोर्टात अर्ज दिलाय की गौरजा ही गुरुदासची मुलगी नाही, तिची डीएनए चाचणी करा. आजीच्या नावावरच्या कलमांच्या बागेला गिऱ्हाईक आलंय. बाबा आजीच्या आधी गेले, त्यामुळे त्यांचा अर्धा वाटा थेट तुझा, आणि तो दाजींना अडतोय. तुझ्या जन्माच्या वर्षी बाबा बोटीवर होते, एवढ्यावर सगळी मांडणी. मधे ते सुट्टीवर आले तेव्हा कुडाळ स्टेशनवरून त्यांना घरी घेऊन येणारे दाजीच होते, पण ते आता त्यांना आठवत नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर मला विचारतात, "खरा आसा, तर भितस कित्याक, वयनी?" माणसाचा किती संताप यावा!

आपल्या वकील अनुजाताई तर त्यांच्याही पुढे. म्हणाल्या, देऊन टाकू, निकाल लवकर लागेल. मी विचारलं, गुरुदास नाहीत, मग ताडून कशाशी बघणार? तर दाजींच्या रक्ताशी. तो नमुना नंतर कुठे राहणार, अहवाल कोणकोण वाचणार? त्यावर म्हणाल्या, यासाठी वेगळा कायदा यायचा होता, पण संसदेत मांडून मागे घेतला. म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे चपला झिजवायच्या, आणि माणसाचं रक्त उघडं पाडायला एक अर्ज पुरे. एकाचं तपासलं की घरातल्या जित्या-मेल्या सगळ्यांचंच बाहेर येतं, त्यांची परवानगी कोणी घ्यायची? अनुजाताई हसल्या. पण त्यांनीच कबूल केलं की लग्नात झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच मानतो, आणि नाही म्हटलं तर न्यायाधीश सहसा जबरदस्ती करत नाहीत. फक्त नकार दिल्यावर लोक बोलतील, आणि निकाल कसा लागेल याची खात्री नाही.

तू म्हणालीस, मला एकदाचं सिद्ध करून टाकायचंय. ते म्हणताना तुझा आवाज किंचित अडखळला, तो मी ऐकला. ती शंका आधी काढून टाक. तू बाबांचीच आहेस, आणि मला चाचणीची भीती तुझ्यासाठी नाही.

आता जे लिहिते ते तुझे बाबाही जाणत नव्हते. आजी शेवटच्या दुखण्यात असताना मी एकटीच तिच्यापाशी होते. तिचं दुसरं बाळ फोंडाघाटला माहेरी जन्मताच गेलं. त्याच दिवसांत शेजारची एक बाई बाळंतपणात गेली. तिचं पोर आजीने छातीशी धरलं आणि आपलं म्हणून घरी आणलं. दत्तकविधान नाही, काही नाही. ते पोर म्हणजे दाजी. आजी मला म्हणाली, "माझ्या झिलाक कोणी परको म्हणूक नये." तुझी आणि दाजींची चाचणी झाली तर रक्त जुळणार नाही. कोर्ट म्हणेल, तू गुरुदासची नाहीस. ते खोडायचं तर मला भर कोर्टात हे सगळं सांगावं लागेल, आणि ज्या बागेसाठी ते भांडतायत तिच्यात त्यांचंच काही उरणार नाही. त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. म्हणून अनुजाताईंना कळव, तू नमुना देणार नाहीस. दाजी माझ्याशी कसेही वागोत, साठी उलटलेल्या माणसाकडून त्याची आई मला काढून घ्यायची नाही.

तुझीच,
आई