विसाव्याचा दगड

मंगळवार, संध्याकाळ

दिवसभर सिमेंटची पोती उतरवून कंबर मोडली. रेल्वे स्टेशनचं काम निघाल्यापासून नदीकडच्या वाटेवर नुसती बांधकामं चाललीत. लॉज, हॉटेलं, प्लॉटचे बोर्ड. माझं हार्डवेअरचं दुकानही त्यातलंच, मी काय बोलणार?

आज गल्लीतल्या यशोदाकाकींची अंत्ययात्रा तिथूनच नदीवर निघाली. मी दुकानातनंच हात जोडले. निम्म्या वाटेत, माझ्या दुकानाजवळच, विसाव्याचा दगड होता. गावातली प्रत्येक तिरडी तिथं टेकवायची, दगडाच्या मधल्या खळग्यात मूठभर तांदूळ ठेवायचे, खांदे बदलायचे, मग पुढं. आज खांदेकरी थांबले, पण दगडच सापडंना. शेवटी दोन डंपरच्या मध्ये खडीवर तिरडी टेकवली.

"दगड कुठं गेला रं?" काकींचे थोरले दीर, तात्या, दुकानाच्या दाराशी येऊन मला विचारत होते.

"रस्त्याच्या कामात गेला असंल, तात्या."

इतकं सहज कसं निघालं तोंडातनं? दुकान उंच झालं, पायरी पाहिजे होती, म्हणून मीच तो दगड आणून दाराशी बसवला. दगडच तर आहे, असं वाटलं होतं तेव्हा.

तात्यांना धाप लागली होती. ते त्याच पायरीवर टेकले. त्यांचा हात दगडावर फिरला आणि मधल्या खळग्याशी थांबला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. उठताना मुठीतले तांदूळ त्यांनी त्या खळग्यात ठेवले आणि चालू लागले.

दुकान बंद करून मी दुखऱ्या गुडघ्यानं पायरी टाळून बाजूनं उडी मारून उतरलो. उद्या गिऱ्हाईक कुठनं चढवू?