आखूड बाही

दादा,

तुमच्या बँडची जुनी गिटार, पोस्टरं, कपडे असं सगळं प्रदर्शनात मांडलंय, म्हणून बाबांना व्हीलचेअरवरून नेलं. काचेमागे तुझं काळं जाकीट होतं. खाली पाटी : 'रचना, स्वतः गायकाची.'

बाबांनी पाटी दोनदा वाचली. मग रखवालदाराला म्हणाले, "हे मी शिवलंय. लहानपणी मोडल्यापासून माझ्या मुलाचा डावा हात आखूड राहिला, म्हणून ही बाही दोन बोटं कमी ठेवली."

तो हसला. "आजोबा, आता सगळं जग अशीच बाही घालतं. माझी मुलगीसुद्धा."

परतताना मी तुला शिव्या घालत होते. बाबा म्हणाले, "त्याच्या लक्षात राहिलं नसेल गं."

गेल्या महिन्यात बाबा गेले. तुझ्या मॅनेजरला फोन करून म्हटलं, मी बहीण बोलतेय. तो म्हणाला, "अशा बहिणींचे रोज चार फोन येतात." पत्ता मात्र त्याने लिहून घेतला. मला वाटलं, तू येशील.

काल पोस्टाने तुझा फोटो आला. त्यावर तुझी सही आहे आणि छापील अक्षरांत 'प्रिय चाहतीस'.

हे पत्र टाकणार नाही. तेही तुझा मॅनेजरच उघडेल.

तुझी सख्खी