साडेतीन बोटांचं खोटं

अहो,

इथूनच पाया पडते, पाय मागे घेऊ नका. नात लिहून घेतेय. मी मजेत आहे. तुम्ही गोळ्या घेता ना?

माझा उजवा हात डॉक्टरीणबाईंनी तपासला. डोळे मिटायला लावून टाचणी टोचत होत्या. ऑपरेशन टळावं म्हणून मी दर वेळी "कळलं" म्हणाले. शेवटी त्या म्हणाल्या, "आजी, आत्ता मी हातच लावला नव्हता!"

मग खरं सांगितलं. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि करंगळीजवळच्या बोटाची अर्धी बाजू बधिर आहे. एका बोटात दोन नसांची वाटणी, अगदी तुमच्या भावकीसारखी! तळव्याला मात्र कळतं. त्याची फांदी बोटांच्या नसेतून मनगटाआधीच फुटून वरून जाते, म्हणजे बोटांची नस मनगटातच दबलीय, असं बाई म्हणाल्या. सोमवारी ती मोकळी करतील. स्पर्श परत येईल का, विचारलं तर बाई म्हणाल्या, "उशीर झालाय, बघू."

संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. तो टेकल्याचं शाई बघूनच कळलं. तेव्हा घाबरले हो.

फोनवर "येऊ नका" म्हणाले होते ना? तेही खोटंच. सोमवारच्या आत या.

तुमचीच,
दाराकडे बघत बसलेली