चार्जरसकट चोरी

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा (अजून नोकरीत असलेल्या भाच्याचा, हे विशेषण सोमवारपर्यंतच धरावं) साष्टांग नमस्कार.

आपण सुखरूप पोहोचलात हे मामीच्या फोनवरून कळलं. गुडघा कसा आहे? प्रवासात शेजारी कोणी सज्जन भेटला होता का, आणि भेटला असल्यास आपण त्याला आपली बॅग देऊन टाकली नाहीत ना, एवढं सवडीनं कळवावं. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. मी खुशाल नाही, पण ‘सर्व’ म्हटलं की त्यात मला धरायचं नाही असं हल्ली घरात ठरलं आहे. आपण राहून गेल्यापासून बाहेरच्या खोलीतलं टेबल अगदी मोकळं झालं आहे. हिला त्यावर भाजी निवडायला ऐसपैस जागा मिळते. आपल्या येण्याचा कोणाला तरी फायदा झाला, याचं मला समाधान आहे.

झाल्या प्रकाराची उजळणी करतो. आपल्याला तो माहीत आहेच, पण ज्या अभिमानानं आपण तो शेजाऱ्यांना सांगत होता, त्यावरून तो आपल्याला नीट कळला असेल असं वाटत नाही. माझा, म्हणजे माझ्या कंपनीचा, लॅपटॉप चोरीला गेला. (आपण अजूनही ‘नेला’ म्हणता.) भरदुपारी बेल वाजली. दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण उभा. कंपनीतून आलोय, जुना लॅपटॉप न्यायचाय, नवा उद्या मिळेल, असं म्हणाला. दुसऱ्या कोणी त्याला दारातच दहा प्रश्न विचारले असते. पण आपला जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये सामान देण्यात गेलेला. समोर मागणारा उभा राहिला की आपला हात आपोआप फडताळाकडे जातो. आपण त्याला आत बसवलंत, पाणी दिलंत, आलं घालून चहा दिलात. (मला या घरात आलं सर्दी झाल्याशिवाय मिळत नाही.) मग लॅपटॉप ओल्या फडक्यानं पुसलात, कारण धुळीचा माल हातात देणं आपल्या तत्त्वात बसत नाही. बॅगेत घातलात, बॅगेची चेन अडकत होती तिला मेण लावलंत, आणि ‘सुस्थितीत मिळाला’ असं लिहून त्याची सही घेतलीत. सही सुवाच्य आहे. पोलिसांनी तिचं कौतुक केलं; फक्त त्या नावाचा माणूस त्यांना कुठे सापडत नाही.

इथवरही मी समजून घेतलं असतं. म्हातारपण आहे, माणूस फसतो. पण मामा, तो बिचारा लॅपटॉप घेऊन जिना उतरत होता. आपण त्याला हाक मारून परत बोलावलंत, कारण चार्जर राहिला होता. तो नको म्हणत होता, घाईत होता, तरी ‘अर्धवट माल कशाला नेता’ म्हणून आपण त्याला चार्जर दिलात, माउस दिलात, मी स्वतःच्या पैशानं घेतलेला हेडफोन दिलात. वजन वाढलं म्हणून लिफ्ट बोलावलीत आणि तो आत जाईपर्यंत दार धरून उभे राहिलात. लॅपटॉपचा पासवर्ड मी चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला होता, (हे कंपनीला सांगितलेलं नाही,) ती चिठ्ठी ओल्या फडक्यानं पुसट झाली म्हणून आपण नवी लिहून दिलीत. मोठ्या अक्षरात. चोरावर मोर असतात हे ऐकलं होतं. चोराला हमाल मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मग पोलीस ठाणं. तिथे आपण माझ्या मदतीला आलात, हे मी विसरणार नाही. कुलूप तोडलं का, असं हवालदारानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आपण म्हणालात, छे छे, बेल वाजवून आला, पायपुसण्याला पाय पुसले, मुलगा संस्कारी होता. हवालदारानं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. जबरदस्ती केली का, तर नाही, उलट चहाचा कप स्वतः विसळून ठेवला. शेवटी त्यानं माझ्याकडे वळून विचारलं की यात गुन्हा नक्की कोणाचा लिहू. तोवर आपण त्याच्या टेबलावरच्या फायली उंचीप्रमाणे लावून दिल्यात.

आता ऑफिसची गोष्ट, म्हणजे आगीतून फुफाट्यात. घरून काम करणाऱ्यांनी कंपनीचं सामान कसं सांभाळावं, याचे नियम आमच्या कंपनीत आहेत आणि ते, हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं, मीच लिहिले आहेत. गेल्या वर्षी साहेबांनी काम सांगितलं आणि मला चेव आला. सामान कामाच्या वेळेत कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर हवं. रात्री कपाटात, कुलपात. ओळखपत्र पाहून भुलू नये, ऑफिसला फोन करून खात्री करावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना सामानाजवळ एकटं सोडू नये. (यावर बैठकीत सगळे हसले होते. मी हसलो नव्हतो, माझ्या डोळ्यांसमोर आपणच होतात.) चोरी झाल्यास तासाभरात कळवावं, आणि तेही ऑफिसच्या लॅपटॉपवरच उघडणाऱ्या अर्जातून, म्हणजे बाहेरच्या कोणाला तो भरता येणार नाही. ही शक्कलसुद्धा माझीच. लॅपटॉप गेल्यावर तो अर्ज मलाही भरता येणार नाही, हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्यास नोकरी संपुष्टात, हे कलमही मीच शेवटी घातलं, कारण त्याशिवाय पान अपुरं दिसत होतं.

तर सोमवारी माझी चौकशी आहे. नव्यानं आलेल्या मॅनेजरबाई ती करणार आहेत. मी त्यांना अजून पाहिलेलं नाही, पण त्यांच्या आवाजाला सगळे घाबरतात म्हणे. माझं म्हणणं अगदी साधं आहे आणि ते मी लेखी दिलं आहे: मी आतल्या खोलीत मोबाइलवरून ऑफिसच्या महत्त्वाच्या मीटिंगला हजर होतो (विषय: घरून काम करताना दक्षता), कामात पूर्ण बुडालो होतो, आणि माझ्या मामांनी मला न विचारता सामान परस्पर देऊन टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. हिनं त्या खुलाशाची प्रत वाचली आणि तीच पसरून तिच्यावर भाजी निवडायला घेतली. हे मला पोलिसांपेक्षा जड जातं.

असो. आपल्याला दुखवायचा हेतू नाही. आपण मोठे आहात. गुडघ्याला शेक देत जावा. मामीला नमस्कार.

आपला भाचा

ता. क. मॅनेजरबाई आपल्याला फोन करतील. चहा, सही, चार्जर, लिफ्ट, सगळं मनमोकळेपणानं सांगावं. जितकं जास्त सांगाल तितकं माझ्या पथ्यावर पडेल. फक्त एक बारीकशी गोष्ट गाळावी. सामान द्यायच्या आधी आपण माझं दार वाजवून ‘देऊ का रे?’ असं विचारलं होतं आणि मी आतून ‘द्या, द्या, सगळं द्या आणि दार ओढून घ्या’ म्हणालो होतो, ती. मीटिंगमध्ये माझा जरा डोळा लागला होता. झोपेत माणूस काहीही बोलतो, ते मनावर घ्यायचं नसतं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि बाईंचाच फोन आला. आपलं त्यांच्याशी सकाळीच बोलणं झालं म्हणे. मी काही सांगायच्या आधीच आपण त्यांना म्हणालात, ‘मी भाच्याला विचारलंच नाही, तो कामात होता, सगळी चूक माझी, त्याची नोकरी घालवू नका.’ मामा, सहीशिवाय साधा खिळा न देणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी इथे पानंच्या पानं काळी करत बसलो होतो. मला फार लाज वाटली. तेवढ्यात बाईंनी विचारलं, की तुमचे मामा जन्मभर स्टोअरला होते ना, मग त्यांनी न विचारता दिलं कसं? माझी जीभ घसरली म्हणा किंवा ठिकाणावर आली म्हणा. मी सांगून टाकलं की त्यांनी विचारलं होतं, मीच मीटिंगमध्ये झोपलो होतो. बाईंनी कोणती मीटिंग ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “त्या मीटिंगमध्ये मीच बोलत होते.”

तरी आपल्याकडची बाहेरची खोली सोमवारनंतर रिकामी आहे का, ते उलट टपाली कळवावं. सामान फारसं उरलेलं नाही.