चुनीलालांचा निरोप

प्रिय हेमराज,

मिलच्या जुन्या रेल्वेलाइनची आता बाग झाली आहे. काल प्रथमच गेलो. रुळांमधून पायवाट काढली आहे, आपण दोघं पाळीपाळीनं सांभाळायचो त्या फाटकाच्या केबिनला पिवळा रंग दिला आहे.

समोरच्या बाकावर चुनीलाल बसले होते. बावीस वर्षांपूर्वी त्याच उघड्या फाटकात त्यांची पत्नी कामिनी मालगाडीखाली सापडली. ते रोज तिथे येतात. मला ओळखून त्यांनी शेजारी बसवलं.

"हेमराज कोठे शे?"

"सुरतले."

"त्याले सांगजो, मी माफ करी दिन्हं. पोरगं व्हतं, डोळा लागी गया व्हई."

हेमराज, त्या दुपारी पाळी माझी होती. डोळा माझा लागला होता. चौकशीत मी तुझं नाव घेतलं, आणि माझ्या मुली लहान म्हणून तू गप्प राहिलास. तुझी नोकरी गेली, गाव सुटलं. आईला खांदा द्यायलाही तू आला नाहीस.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझा हात हातात घेतला. मी म्हणालो, "हां, सांगसू."

तेवढ्यासाठीच लिहायला बसलो. पण हे पत्र मी टपालात टाकणार नाही, हे आत्ताच कळतंय.

तुझा मोठा भाऊ,
नवल